वनस्पतींचे दुभाषी : आचार्य जगदीशचंद्र बोस

श्रावणात हिरव्यागार डोलणाऱ्या शेताकडे पाहिले, म्हणजे तेथे केवळ शांतताच नांदत आहे, असे वाटते. पिकाच्या एखाद्या पानावर अळी चढते आणि पान कुरतडू लागते. पण रोप ओरडत नाही, की जागा सोडून पळत नाही. गाईच्या पाठीवर माशी बसली, तर गाय शेपटीने तिला हाकलते. कुत्र्याला खडा लागला, तर ते केकाटते. रोपाला मात्र आपले पान गेले याची जाणीवही नसावी, असाच पुष्कळांचा समज असतो. हा समज खरा नव्हे; वनस्पतीला इजा झाली, म्हणजे त्या इजेची वार्ता तिच्या अंगातून दूरवर जाते आणि ती वार्ता यंत्राने मोजताही येते, हे जगापुढे ठामपणे मांडण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते थोर भारतीय शास्त्रज्ञ म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. हुद्दा मोठा असला, तरी त्यांची वृत्ती साधी होती. त्या काळी सरकारी अधिकारी आपल्या मुलांना मोठ्या अभिमानाने इंग्रजी शाळेत घालीत. भगवानचंद्रांनी मात्र जगदीशचंद्रांना फरीदपूरच्या साध्या बंगाली शाळेत घातले. मुलाला प्रथम आपली भाषा आणि आपली माणसे यांची ओळख झाली पाहिजे, असे त्यांचे मत होते. वर्गात जगदीशचंद्रांच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा मुलगा बसे. नदीतील मासे, झाडांवरील पाखरे आणि रानातील जनावरे यांच्या गोष्टी त्यांनी या सोबत्यांकडून ऐकल्या. शाळा सुटल्यावर ही मुले बोसांच्या घरी येत, आणि जगदीशचंद्रांची आई बामासुंदरीदेवी सर्वांना सारख्याच मायेने खाऊपिऊ घालीत. सृष्टीविषयीचे कुतूहल आणि माणसामाणसांत भेद न करण्याची शिकवण हे दोन्ही संस्कार या वयातच त्यांच्या मनावर झाले.

लहानग्या जगदीशला खांद्यावर बसवून शाळेत पोहोचविण्याचे काम ज्या गड्याकडे होते, तो पूर्वीचा दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला पूर्वी तुरुंगात धाडले होते. शिक्षा भोगून तो बाहेर आला, तेव्हा त्याला कोणीही काम देईना. भगवानचंद्रांनी त्याच्यावर विश्वास टाकला आणि आपले मूलच त्याच्या हाती सोपविले. पुढे हे कुटुंब एकदा नदीतून प्रवास करीत असता दरोडेखोरांच्या नावांनी त्यांचा पाठलाग केला. तेव्हा या गड्याने उभे राहून एक विशिष्ट आरोळी ठोकली, आणि ती ऐकताच त्या नावा मागे फिरल्या. ज्याला सर्वांनी टाकाऊ ठरविले, त्याच्या ठायी काय दडले आहे हे नीट पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये, हा धडा मुलाला वडिलांच्या वागण्यातून मिळाला.

पुढील शिक्षणासाठी जगदीशचंद्र कलकत्त्यास गेले. तेथे सेंट झेव्हियर कॉलेजात फादर लाफाँ हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ते प्रत्येक नियम विद्यार्थ्यांपुढे प्रयोग करून सिद्ध करीत. प्रयोगाची ही गोडी जगदीशचंद्रांना जन्मभर पुरली. पदवी मिळाल्यावर वैद्यकीचा अभ्यास करण्यासाठी ते १८८० मध्ये इंग्लंडला गेले. त्या वेळी घरची स्थिती ओढग्रस्तीची होती. लोकांना रोजगार मिळावा, म्हणून भगवानचंद्रांनी काढलेल्या उद्योगांत त्यांना मोठी खोट आली होती आणि डोक्यावर कर्ज होते. मुलाच्या शिक्षणासाठी आईने आपले दागिने मोडण्याचीही तयारी दाखविली. इंग्लंडमध्ये जगदीशचंद्रांना तापाने पछाडले. शवविच्छेदनाच्या दालनातील वासाने तो ताप अधिकच बळावे. अखेर वैद्यकी सोडून त्यांनी केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचा अभ्यास आरंभिला. तेथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे पदार्थविज्ञानाचे आणि सिडनी व्हाइन्स यांच्यासारखे वनस्पतिशास्त्राचे गुरू लाभले. दोन शास्त्रांचा हा संयोग पुढे फार मोलाचा ठरला.

१८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांची पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. परंतु त्या काळच्या नियमाप्रमाणे भारतीय प्राध्यापकास इंग्रज प्राध्यापकाच्या दोनतृतीयांशच वेतन मिळे. आणि जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी असल्यामुळे त्याचेही निम्मे त्यांच्या वाट्यास आले. काम तेच, विद्यार्थी तेच. मग वेतनात हा भेद का? जगदीशचंद्रांनी वाद घातला नाही, की राजीनामाही दिला नाही. ते नित्यनेमाने वर्गावर जात, मन लावून शिकवीत आणि महिन्याच्या अखेरीस येणारे ते अपुरे वेतन स्पर्शही न करता परत करीत. असे त्यांनी तीन वर्षे केले. १८८७ मध्ये अबलादेवींशी त्यांचा विवाह झाला, तेव्हाही हा सत्याग्रह चालूच होता. खर्च कमी व्हावा, म्हणून हे दांपत्य काही काळ चंद्रनगर येथे राहिले, आणि हुगळी नदी स्वतःच्या होडीतून ओलांडून जगदीशचंद्र कामावर जात. अखेर त्यांचे अध्यापन पाहून सरकारला आपला निर्णय फिरवावा लागला. मागील तीन वर्षांची बाकी पूर्ण दराने हाती येताच त्यांनी ती वडिलांच्या कर्जफेडीस लावली.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी स्वतःची उपकरणे तयार केली. दिवसभर शिकविल्यानंतर उरलेला वेळ ते तेथे घालवीत. अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌लहरी त्यांनी निर्माण केल्या, आणि १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रयोग केला. भिंतीपलीकडून, तारेच्या जोडणीवाचून गेलेल्या लहरींनी दूरची घंटा वाजविली आणि दारूचा बार उडविला. या शोधांपासून धन मिळवावे, असे त्यांच्या मनात आले नाही. स्नेह्यांच्या आग्रहास्तव १९०४ मध्ये एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे झाले, तरी त्याचा त्यांनी लाभ घेतला नाही. ज्ञान सर्वांचे आहे, ही त्यांची धारणा होती.

याच संशोधनातून ते वनस्पतींकडे वळले. लहरी टिपणारे त्यांचे उपकरण सतत वापरले, म्हणजे मंद होई. काही काळ विश्रांती दिली, की पुन्हा तरतरीत होई. जणू धातूचा तो तुकडाही थकत होता! प्राण्याच्या स्नायूला वारंवार डिवचले, म्हणजे तोही असाच थकतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. धातू आणि स्नायू या दोन टोकांमध्ये वनस्पती उभी आहे; मग तिचे काय? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी झाडांची पाने आणली. बाजारातून गाजरे आणि सलगम आणले. त्यांना हलकासा धक्का देऊन किंवा पिळा देऊन, सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह दाखविणाऱ्या यंत्राला ती जोडली. प्रत्येक वेळी यंत्राचा काटा हलला. क्लोरोफॉर्मची वाफ दिली, की हा प्रतिसाद मंदावे. विष दिले, की तो कायमचा थांबे. लाजाळूसारख्या हालचाल करणाऱ्या वनस्पतीच नव्हे, तर सामान्य भाजीपालाही स्पर्शाला आणि इजेला उत्तर देतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे प्रयोग करून दाखविले, तेव्हा श्रोते थक्क झाले. परंतु पुढील महिन्यात, ६ जून रोजी, रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध वाचला, तेव्हा निराळाच प्रसंग गुदरला. शरीरशास्त्रातील वयोवृद्ध पंडित सर जॉन बर्डन सँडरसन तेथे उपस्थित होते. कीटक पकडणाऱ्या एका वनस्पतीत विद्युत्‌संकेत निर्माण होतात, हे त्यांनीच १८७३ मध्ये दाखविले होते. सामान्य वनस्पतींत मात्र त्यांना तसे काही आढळले नव्हते. म्हणून ते तेथे असणे शक्य नाही, असे त्यांचे मत बनले होते. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने आपल्या क्षेत्राबाहेर पाऊल टाकू नये, असाही त्यांच्या बोलण्याचा रोख होता. निबंधाच्या नावातील प्रतिसाद हा शब्द बदलावा, अशी सूचना त्यांनी केली. एक शब्द बदलला असता, तर निबंध सुखाने छापला गेला असता. पण त्या एका शब्दातच जगदीशचंद्रांचा सारा सिद्धान्त सामावला होता. पुरावा चुकीचा आहे, असे कोणी दाखवून दिले असते, तर त्यांनी माघार घेतली असती. केवळ मोठ्या नावाच्या दडपणाने शब्द बदलण्यास ते तयार झाले नाहीत. परिणामी तो निबंध छापला न जाता संस्थेच्या दप्तरात पडून राहिला.

परक्या देशात हा आघात मोठा होता. रजा संपत आली होती आणि पैसाही संपत आला होता. अशा वेळी त्यांचे परममित्र रवींद्रनाथ टागोर यांनी मायदेशातून धीर दिला आणि त्रिपुराच्या महाराजांकडून द्रव्यसाहाय्य मिळवून दिले. भगिनी निवेदिता यांनी त्यांच्या लेखनाला हातभार लावला. जगदीशचंद्र इंग्लंडमध्येच राहिले आणि त्यांनी प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा केले. १९०२ मध्ये लिनियन सोसायटी या संस्थेपुढे त्यांना बोलण्याची संधी मिळाली. त्यांचे जुने गुरू व्हाइन्स हे तेव्हा तिचे अध्यक्ष होते. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रयोग डोळ्यांनी पाहिले, आणि संस्थेने निबंध प्रसिद्ध केला. तरीही रॉयल सोसायटीने त्यांचे पुढचे काही निबंध छापले नाहीत. मासिकांची दारे बंद झाली, तेव्हा जगदीशचंद्रांनी ग्रंथ लिहिण्यास आरंभ केला, आणि शेकडो प्रयोगांची माहिती देणारे मोठमोठे ग्रंथ एकामागून एक बाहेर पडू लागले.

आता त्यांनी लाजाळूवर लक्ष केंद्रित केले. लाजाळूच्या एका टोकाच्या पानाला चटका दिला, तर दूरची पानेही क्रमाक्रमाने मिटतात. ही वार्ता जाते तरी कशी? त्या काळचे जर्मन पंडित म्हणत, की यात विशेष काही नाही. नळीतील पाणी एका टोकाला दाबले, म्हणजे दुसऱ्या टोकाला धक्का बसतो, तसाच हा पाण्याचा धक्का होय. जगदीशचंद्रांनी यावर साधी पण बिनतोड युक्ती योजिली. वार्ता केवळ पाण्याचा धक्का असेल, तर देठाचा मधला भाग थंड केल्याने किंवा त्यावर विष लावल्याने ती अडू नये. त्यांनी देठाचा भाग थंड केला, तेव्हा वार्ता मंदावली. विष लावले, तेव्हा ती तेथेच थांबली. म्हणजे हे काम जिवंत पेशींचे होते. सेकंदाचा सूक्ष्म अंश टिपणारे लेखनयंत्र त्यांनी स्वतः बनविले होते. त्याच्या साहाय्याने त्यांनी या वार्तेचा वेग मोजला. बारीक देठात तो सेकंदाला तीन सेंटिमीटरपर्यंत भरला. प्राण्यांच्या मज्जातंतूंच्या मानाने हा वेग फारच थोडा आहे. पण मूक समजल्या जाणाऱ्या रोपाच्या अंगातून निरोप धावतो, हे त्यातून निर्विवादपणे दिसून आले.

त्यांचे दुसरे प्रसिद्ध यंत्र म्हणजे क्रेस्कोग्राफ. वनस्पतीची वाढ इतकी संथ असते, की तिच्यापुढे गोगलगायही वेगवान ठरावी. तरफांच्या योजनेने हे यंत्र ती वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवी. त्यामुळे खत, थंडी, उष्णता किंवा विष यांचा परिणाम कित्येक दिवस वाट न पाहता काही क्षणांत दिसे. १९१४ मध्ये ते लाजाळूची रोपे बरोबर घेऊन युरोप आणि अमेरिका येथे गेले. परदेशाच्या थंडीत ती नाजूक रोपे जगविणे हेही एक दिव्यच होते.

बालपणीच्या फरीदपूर येथील एका खजुरीच्या झाडाचेही त्यांनी परीक्षण केले. हे तिरपे वाढलेले झाड संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या, की मान खाली घाली आणि सकाळी पुन्हा वर उठे. झाड देवाला नमस्कार करते, या श्रद्धेने लोक तेथे गर्दी करीत. जगदीशचंद्रांनी झाडाला लेखनयंत्र जोडून दिवसरात्र नोंदी घेतल्या, आणि ही हालचाल तापमानातील चढउतारामुळे होते, हे दाखवून दिले. वनस्पतींविषयी त्यांच्या मनात अपार माया होती. पण त्या मायेपोटी त्यांनी चमत्काराला थारा दिला नाही.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस विज्ञान मंदिराची स्थापना केली. आपली जन्मभराची शिल्लक त्यांनी या कार्यास वाहिली. मुंबईतील दानशूर गृहस्थांनीही या कामी देणग्या दिल्या. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेले वज्र हे त्यांनी संस्थेचे चिन्ह ठरविले. येथील शोधांचे पेटंट घ्यावयाचे नाही आणि स्त्रीपुरुष सर्वांना येथे प्रवेश असावा, असा त्यांचा संकल्प होता. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख असलेले पॅट्रिक गेडिस यांनी १९२० मध्ये त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लंडनमध्ये क्रेस्कोग्राफच्या अचूकतेविषयी जाहीर शंका घेण्यात आली. जगदीशचंद्रांनी शब्दाला शब्द वाढविला नाही. त्यांनी नामवंत शास्त्रज्ञांना बोलावून त्यांच्यासमक्ष यंत्र चालवून दाखविले, आणि त्या शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रातून यंत्राच्या अचूकतेची ग्वाही दिली. ज्या रॉयल सोसायटीने एके काळी त्यांचा निबंध दप्तरात टाकला होता, तिनेच १९२० मध्ये त्यांना सदस्यत्वाचा मान दिला.

जगदीशचंद्रांचे सारेच सिद्धान्त काळाच्या कसोटीस उतरले, असे मात्र नाही. झाडाच्या खोडातील पेशी हृदयाप्रमाणे स्पंदन पावून रस वर चढवितात, हे त्यांचे मत पुढील शास्त्रज्ञांनी मान्य केले नाही. वनस्पतीला मज्जातंतू आहेत, असे ते म्हणत. पण वनस्पतीला प्राण्यांसारखे मज्जातंतू नसतात आणि मेंदूही नसतो. १९१६ मध्ये रिक्का या इटालियन शास्त्रज्ञाने लाजाळूच्या वर्गातील वनस्पतीचे खोड कापले, दोन तुकडे पाण्याने भरलेल्या नळीने जोडले, आणि तरीही इजेची वार्ता पलीकडे पोहोचते, असे दाखविले. यावरून वनस्पतीच्या रसातून एखादे द्रव्य निरोप घेऊन जात असावे, असे अनुमान त्याने काढले. बोस यांना ते पटले नाही. विजेने जाणारी वार्ता आणि रसातून वाहणारे द्रव्य यांपैकी एकच खरे असले पाहिजे, असे तेव्हा दोन्ही पक्षांना वाटे. प्रत्यक्षात वनस्पती दोन्ही मार्गांचा उपयोग करतात, हे पुढे निष्पन्न झाले.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. त्यानंतर काही दशके वनस्पतींतील विद्युत्‌संकेतांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग एका निराळ्याच दिशेने त्या विषयाला उजाळा मिळाला. ती दिशा म्हणजे पिकांवरील कीड. १९७२ मध्ये अमेरिकेतील क्लॅरेन्स रायन आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले, की बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान भुंगेऱ्यांनी खाल्ले, तर न खाल्लेल्या दूरच्या पानांतही एक विशेष प्रथिन साठू लागते. हे प्रथिन किडीच्या पोटात गेले, म्हणजे तिला अन्न पचविणे कठीण जाते. दूरच्या पानाला ही खबर कोणी दिली? शोध करता करता निरोप नेणारे अनेक रेणू सापडले. त्यांतील एक म्हणजे जास्मोनिक आम्ल. चमेलीच्या सुगंधी तेलात १९६२ मध्ये सापडलेले एक द्रव्य याच कुळातील होय. पानाला जखम झाली, की रोप हे आम्ल तयार करते, आणि त्याच्या आज्ञेने संरक्षक प्रथिने व कडू, विषारी द्रव्ये बनू लागतात.

प्रत्येक संकटासाठी रोपाजवळ निराळा निरोप्या असतो. बुरशी किंवा विषाणू यांनी हल्ला केला, तर बहुधा सॅलिसिलिक आम्ल पुढे सरसावते. वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या सालीवरून या आम्लाला हे नाव मिळाले असून, आपल्या परिचयाचे ॲस्पिरिन त्यापासूनच बनते. १९७९ मध्ये तंबाखूच्या पानांना ॲस्पिरिन देऊन पाहिले, तेव्हा ती पाने विषाणूला अधिक दाद देईनाशी झाली. पाऊस ओढ देतो आणि जमीन सुकते, तेव्हा ॲब्सिसिक आम्ल पर्णरंध्रे मिटविते आणि पानांतील पाण्याची उधळपट्टी थांबविते. मक्याचे पान अळीने खाल्ले, तर त्यातून सुटणाऱ्या वासाने अळीची शत्रू असलेली छोटी गांधीलमाशी तेथे येते आणि अळीच्या अंगात अंडी घालते. मुके म्हणून ज्याची कीव केली, ते रोप अशा रीतीने साहाय्यासाठी हाकही मारते.

जगदीशचंद्रांनी हिरिरीने मांडलेला विद्युत्‌संकेतही या कथेत पुन्हा अवतरला. १९९२ मध्ये टोमॅटोच्या रोपावर केलेल्या प्रयोगांत जखमेनंतर विद्युत्‌संकेत धावतो आणि त्यापाठोपाठ दूरच्या पानांत संरक्षणाची तयारी सुरू होते, असे दिसले. २०१८ मध्ये जपानी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीत चमकणारे प्रथिन घालून ही वार्ता डोळ्यांना दिसेल, अशी केली. सुरवंटाने पान कुरतडताच तेथे ग्लुटामेट हे द्रव्य पाझरले आणि कॅल्शियमची लहर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने इतर पानांकडे निघाली. गंमत अशी, की प्राण्यांच्या मेंदूतही ग्लुटामेट हे निरोप्याचेच काम करते. २०२२ मध्ये तर बोसांची आवडती लाजाळूच पुन्हा प्रयोगशाळेत आली. जिची पाने मिटत नाहीत, अशी लाजाळू मुद्दाम तयार करून नाकतोड्यांपुढे ठेवली, तेव्हा पाने मिटणाऱ्या लाजाळूपेक्षा त्यांनी ती अधिक खाल्ली. लाजाळूचे लाजणे ही तिची ढाल आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

या ज्ञानाचा शेतकऱ्याशी निकटचा संबंध आहे. किडीचा नाश करण्यासाठी शेतावर विषारी औषधे फवारावी लागतात. त्यांवर पैसा खर्च होतो, आणि पाणी, माती व उपकारक कीटक यांचीही हानी होते. पिकाजवळ उपजतच असलेली संरक्षणशक्ती योग्य वेळी जागी करता आली, तर विषाचा वापर कमी करता येईल, या आशेने जगभर संशोधन चालू आहे. हे काम सोपे नाही. संरक्षणाच्या तयारीत रोपाची शक्ती खर्ची पडते आणि त्याची वाढ खुंटते. राज्याने सारा खजिना किल्ल्यावरच ओतला, तर प्रजेच्या पोटाला काय उरणार? म्हणून रोपाचा निरोप केव्हा, कोठे आणि किती जातो, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. त्यासाठी लागते ती बोसांची वृत्ती : स्वतःची यंत्रे घडविणारी, तासन्‌तास एका पानाकडे पाहत बसणारी आणि पुराव्यावाचून हट्ट न धरणारी.

कलकत्त्याच्या एका लहानशा खोलीत, पत्र्याच्या उपकरणांनी या मनुष्याने कामाला आरंभ केला. अन्यायाचे वेतन त्याने घेतले नाही, भीतीपोटी शब्द बदलला नाही आणि ज्ञान विकले नाही. त्याच्या काही कल्पना पुढे चुकीच्या ठरल्या. पण वनस्पती संवेदनाशील आहे आणि तिच्या अंगातून निरोप धावतो, हे त्याचे मुख्य म्हणणे आज शास्त्राच्या पायाभूत ज्ञानात जाऊन बसले आहे. अळीने कुरतडलेले एक पान आपल्या सोबतच्या पानांना सावध करीत असते, तेव्हा त्या निरोपाची पहिली अक्षरे धीराने वाचणाऱ्यांत जगदीशचंद्र बोस यांचे नाव आदराने घ्यावे लागते.